दोन मासे, दोन ठिपके

ती घटना आजही आठवते, असं म्हणून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. माझं जरा उलटं आहे. ही घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण जमलं नाही. नोकरीत चोर भरपूर पकडले. त्यातले निम्मे आज समोर आले तरी ओळखणार नाही. पण ज्या माणसाला मी चोर समजून तीन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवलं, त्याचा काळा चष्मा, कापडी पिशवी आणि पिशवीतली डोळ्यांच्या औषधाची बाटली, हे सगळं लख्ख आठवतं. दुपार झाली की तो पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारून डोळ्यात थेंब घालायचा.

माझे वडील रेल्वेत इंजिनियर. सांगलीकडून बदली होऊन लखनौला आले आणि इथलेच झाले. मी इथेच शिकलो आणि उत्तर प्रदेश पोलिसात दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, म्हणून लागलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. सांगायचं कारण एवढंच की या हकिकतीतली माणसं जशी बोलली तशीच इथे बोलतील. नावं मात्र कुणाचीच देणार नाही. खटला संपला, पण माणसं याच शहरात राहतात.

त्या वर्षी मी जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऑगस्टमधला घामट उकाडा होता. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा वाचत बसलो होतो, तेवढ्यात एक गृहस्थ तहरीर, म्हणजे लेखी फिर्याद घेऊन आले. एका जुन्या घराण्याने आपल्याकडच्या तलवारी, पोथ्या, नाणी एका ट्रस्टला देऊन टाकली होती. ट्रस्टने पाच खोल्यांचं छोटं संग्रहालय थाटलं होतं आणि हे गृहस्थ त्या ट्रस्टचे सेक्रेटरी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे संग्रहालयातल्या तीन सोन्याच्या अशर्फ्या कुणीतरी पळवल्या होत्या आणि त्यांच्या जागी तीन बनावट ठेवल्या होत्या.

अशर्फी म्हणजे नवाबी काळातलं सोन्याचं नाणं. या तिन्हींच्या एका बाजूला फारसी अक्षरं होती आणि दुसऱ्या बाजूला राजचिन्ह. इंग्रज आपापल्या घराण्यांची चिन्हं मिरवतात हे पाहून इथल्या नवाबांनीही आपलं चिन्ह त्याच थाटात काढून घेतलं, असं मला पुढे कळलं. वर मुकुट, खाली एकमेकांकडे तोंड केलेले दोन मासे आणि दोन्ही अंगांना निशाण धरून उभे दोन वाघ. एवढ्याशा जागेत एवढा संसार, आणि तोही असा की माशाचं खवलं न् खवलं मोजून घ्यावं. लखनौत हे मासे कुठे नाहीत? जुन्या कमानींवर आहेत, मिठाईच्या डब्यांवर आहेत, राज्य सरकारच्या चिन्हातही आहेत. म्हणजे मी रोज ज्या कागदांवर सह्या करत होतो, त्यांच्या माथ्यावरही ते होते. इतकी वर्षं नाकासमोर असून मी ते कधी नीट पाहिले नव्हते.

या प्रकरणातली गोम अशी, की बनावट नाणीही सोन्याचीच होती. कसोटीवर घासली तर पास, तराजूत टाकली तर बरोबर. पण जुन्या नाण्याची किंमत सोन्यात नसते, ती ठशात असते. शौकीन लोक त्या जुन्या ठशासाठी सोन्याच्या कितीतरी पट मोजतात. हा चोर सोनं ठेवून ठसा घेऊन गेला होता.

हा बदल ओळखला होता नाणीघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने. पूर्वी ते शाळेत इतिहास शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्टर साहब म्हणत. त्यांनी स्वतः लेखी कळवलं, प्रत ट्रस्टच्या अध्यक्षांना दिली, आणि तेच अंगाशी आलं. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. जूनमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस रजेवर होते, तेव्हा किल्ल्या सीलबंद लिफाफ्यात सेक्रेटरींकडे जमा होत्या. मी लिफाफ्याचं विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, सील जसंच्या तसं होतं.

"इंस्पेक्टर साहब, जिसने बदला उसी ने शोर मचाया, ताकि उस पर शक न जाए," ते मला म्हणाले.

मला ते पटलं. पटायला कारण होतं. ठाण्यात नवीन लागलो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं, की फिर्याद घेऊन येणाऱ्याकडेच आधी नीट बघ. पुढे अनेकदा त्याचा प्रत्यय आला होता. गंमत अशी, की नियम याही वेळी बरोबर होता. तहरीर घेऊन माझ्यासमोर कोण बसलं आहे, एवढंच मी पाहिलं नाही. पांढरा शुभ्र कुर्ता, छापील लेटरहेड आणि अदबीची भाषा यांना मी भुललो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. अमीनाबादेत सुरमा-अत्तर विकणारा आमचा एक जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या होता. त्याचं माल विकणं कमी आणि कान टवकारणं जास्त. तो मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "साहब, वो काले चश्मे वाले मास्टर साहब हैं ना, पिछले हफ्ते सराफे में चार दुकानों पर गए थे. मछली वाली अशर्फी की बात कर रहे थे."

मला वाटलं, झालं. आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना ठाण्यात दीवानजी म्हणतात, ते तर म्हणाले, "साहब, चार्जशीट लिखना शुरू कर दूँ?" मी मास्टर साहेबांना बोलावणं धाडलं.

ते अलीगंजहून रिक्षा बदलत बदलत आले. वय सत्तरीला टेकलेलं, कपडे जुने पण इस्त्रीचे. मी त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं. हीही आमची एक रीत आहे. माणूस बसून बसून सैल पडतो. मास्टर साहेब काही सैल पडले नाहीत. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या सूचनाफलकातल्या दोन चुका दीवानजींना दाखवल्या.

"सराफे में क्या करने गए थे?" मी विचारलं.

"अपने सिक्के ढूँढने."

"मिले?"

"मिलते तो यहाँ क्यों बैठा होता?"

मी एक बनावट नाणं आणि भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, दाखवा काय बनावट आहे ते. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काम बहुत अच्छा है, साहब. बनाने वाले का हाथ सधा हुआ है."

मुरलेल्या हाताचं हे कौतुक ऐकून दीवानजींनी टेबलाखालून मला पायाने ढोसलं. माझ्याही मनात तेच आलं होतं. आपल्या करामतीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही, असे गुन्हेगार मी पाहिले होते. ते हसू मी पुरावा म्हणून मनाशी नोंदवून ठेवलं.

"इतना अच्छा है तो पता कैसे चला?"

"असली ठप्पे में दरार थी. मछली की दुम से किनारे तक, बाल बराबर. तीनों सिक्कों पर उतरी थी. इनमें वो नहीं है. और इनमें ये दो बिंदियाँ हैं, जो उनमें नहीं थीं."

मी भिंगातून पाहिलं. डावीकडच्या माशाच्या शेपटीपाशी एक ठिपका होता आणि उजवीकडच्या शेपटीपाशी दुसरा. डावा जरा मोठा, उजवा मोहरीपेक्षाही बारीक.

"ये किसलिए हैं?"

"यही तो समझ में नहीं आता," मास्टर साहेब म्हणाले. "राजचिह्न में फालतू कुछ नहीं होता, साहब. ताज का मतलब है, निशान का मतलब है, मछली का मतलब है. इन बिंदियों का कोई मतलब नहीं. जिसने बनाया, उससे मिल पाता तो पूछता."

मी ते केस डायरीत लिहून घेतलं आणि विसरलो. मला ठिपक्यांत रस नव्हता, कबुलीत होता.

"आपको किस पर शक है?"

"बिना सबूत किसी का नाम कैसे ले लूँ? आप लोग ले लेते हैं. मुझसे नहीं होगा."

हे वाक्य मला झोंबलं. खरं असलं की जास्त झोंबतं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, तिसऱ्या दिवशीही. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. प्रश्न तेच, उत्तरं तीच. एका शब्दाचा फरक नाही. आता मला कळतं की तीन दिवस एका शब्दाचा फरक न पडणं हे खोटं बोलणाऱ्याचं लक्षण नसतं. खोटं बोलणारा रोज थोडी भर घालतो. तेव्हा मात्र मी मास्टर साहेबांना पक्का म्हातारा म्हणालो.

तिसऱ्या दिवशी जाताना ते दारात थांबले. तक्रार करावी असा सूर नव्हता, नुसतं सांगितलं.

"मोहल्ले के कुछ बच्चे शाम को मेरे पास पढ़ने आते हैं. कल से उनके घरवालों ने भेजना बंद कर दिया है. आप मुझे जेल भेजना चाहें तो भेज दीजिए, पर ये रोज़ का आना-जाना अब खत्म कर दीजिए."

त्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांचा, सीओ साहेबांचा फोन आला. सेक्रेटरींची वरपर्यंत ओळख होती. सोमवारी मास्टर साहेबांची अटक दाखवा, असा हुकूम होता. मी 'जी सर' म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र ते बच्चे डोक्यातून जाईनात. माझ्या हातात किल्ली आणि मुखबिराचं एक वाक्य, याखेरीज काही नव्हतं. सोमवारी त्या माणसाला जेलमध्ये टाकलं, आणि तो निर्दोष असला, तर उरलेल्या आयुष्यात त्याच्याकडे कुणीही मूल शिकायला येणार नव्हतं. मी ठरवलं, की माझ्याकडे रविवार आहे तर रविवार पुरा वापरायचा.

रविवारी सकाळी घरी डायनिंग टेबलावर नाण्याचे मोठे करून घेतलेले फोटो पसरून बसलो होतो. पलीकडे बायकोने अमीनाबादेतून आणलेलं कुर्त्याचं कापड पसरलं होतं. इथे चिकनचं भरतकाम करण्याआधी लाकडी ठशाने कापडावर निळीत नक्षी छापतात. मग कारागीर बायका त्या निळ्या रेघांवर टाके घालतात आणि शेवटी धुऊन नीळ काढून टाकतात. बायकोने छापील कापड आणलं होतं, भरायचं बाकी होतं. गळ्याभोवती नक्षीची पट्टी होती. माशांची.

"अहो, ते तुमचे फोटो उचला. कापडाला डाग पडेल," ती म्हणाली.

मी फोटो उचलायला गेलो आणि हात तसाच राहिला. कापडावर प्रत्येक दोन माशांच्या जोडीपाशी निळे ठिपके होते. एका शेपटीला एक, दुसऱ्या शेपटीला एक.

"अगं, हे ठिपके कसले?"

"कसले म्हणजे? छापणाऱ्याचे. एकदा ठसा उठवला की पुढचा त्या ठिपक्यावर ठेवायचा, म्हणजे पट्टी वाकडी होत नाही. धुतल्यावर जातात."

"सगळेच छापणारे करतात?"

"पापा, हर ब्लॉक में होता है," मुलगी मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाली. "आपने कभी देखा नहीं?"

नाही, पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तीन दिवस घालत होतो. राजचिन्हात त्या ठिपक्यांना अर्थ नव्हता, कारण ते राजचिन्हाचे नव्हतेच. ते कापड छापायच्या ठशाचे होते. ज्याने नाण्याचा ठसा खोदला त्याचा हात जन्मभर चिकनचे ठसे खोदत आला होता, आणि मासे झाल्यावर सवयीने त्याने दोन्ही शेपट्यांना ठिपके देऊन टाकले होते. नाणं काही एकापुढे एक छापायचं नसतं, हे हाताच्या ध्यानातच आलं नाही.

मी चहा अर्धा टाकून उठलो. बायको म्हणाली, "कापड कुठे नेताय?" मी म्हटलं, "पुरावा आहे." ती म्हणाली, "पावती देऊन न्या."

अमीनाबादेतल्या त्या दुकानदाराने मला छपाई करणाऱ्याकडे पाठवलं. मी साध्या कपड्यांत होतो, बरोबर दीवानजी. छपाईवाला उंच टेबलाशी उभा राहून ठशावर मूठ मारत होता, हात निळ्या रंगाने माखलेले. मी नाण्याचा फोटो त्याच्यापुढे धरला, पण कशाचा आहे ते सांगितलं नाही. त्याने माशांकडे, वाघांकडे, मुकुटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ठिपक्यांवर निळं बोट ठेवलं.

"ये तो उस्ताद की बिंदी है."

"तुम्हें कैसे पता?"

"एक बड़ी, एक छोटी. बाकी सब बराबर की लगाते हैं. उस्ताद छोटी वाली दाहिने लगाते हैं, ताकि ठप्पा उल्टा न पड़े. पूरे लखनऊ में और कोई नहीं लगाता." मग जरा थांबून म्हणाला, "ये कौन सा ठप्पा है? हमें तो नहीं दिया उन्होंने."

उस्ताद आता जुन्या शहरात राहत नव्हते. लाकडी ठशांचं काम कमी झालं तसे ते तेलीबागला जावयाकडे राहायला गेले होते. आम्ही दुपारी तिथे पोचलो. रस्त्यालगतची दोन खोल्यांची जागा, बाहेर जावयाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. उस्ताद ओसरीत पाय पसरून शिसवीच्या तुकड्यावर रंधा मारत होते. पोलीस म्हटल्यावर जावई पांढराफटक पडला. उस्ताद शांत होते. मी फोटो दिला. त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हाँ, हमारा ही है. अच्छा उतरा है ना?"

माझ्या नोकरीत एवढा सरळ कबुलीजबाब मला कधी मिळाला नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील सराफांसाठी काशाचे ठसे खोदत, सोन्याच्या पत्र्यावर फुलं-पानं उठवायला. उस्ताद लाकडावर आले, पण काशाचं काम हातात होतं. जूनमध्ये सराफ्यातल्या एका दुकानदाराने त्यांना वरच्या खोलीत बसवलं, समोर खरी अशर्फी ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ठसे काशात खोदून मागितले. एका ट्रस्टच्या समारंभासाठी भेटवस्तू म्हणून चांदीची नाणी काढायची आहेत, असं सांगितलं. सोन्याचं नावही काढलं नाही.

"कौन सा दिन था, याद है?"

"आख़िरी बड़ा मंगल था. रास्ते भर भंडारे लगे थे, पूड़ी-सब्ज़ी खाकर गए थे. वहाँ खाने को किसी ने पूछा नहीं."

ज्येष्ठातल्या मंगळवारी लखनौत गल्लोगल्ली भंडारे लागतात. त्या दिवशी कोण कुठे होतं हे इथे कुणीही विसरत नाही. मास्टर साहेबांचं इस्पितळाचं कार्ड माझ्या फाइलमध्येच होतं. त्या मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. किल्ल्या लिफाफ्यात होत्या. आणि लिफाफा सेक्रेटरींकडे.

"उस्ताद, ये बिंदियाँ क्यों लगाईं? असली में तो नहीं थीं."

त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि लहान मुलासारखे ओशाळले.

"हमने लगाई हैं? हाथ ने लगा दी होंगी, साहब. बिना बिंदी के ठप्पा पूरा कहाँ होता है?"

आत जाऊन त्यांनी एक लाकडाचा तुकडा आणला. काशावर हात घालण्याआधी त्यांनी शिसवीवर नमुना खोदून पाहिला होता. मासे, मुकुट, वाघ, सगळं उलटं. आणि ठिपके. दीवानजींनी तो पंचांसमोर कापडात बांधून सील केला. परतीच्या वाटेवर दीवानजी ते सीलबंद पुडकं मांडीवर धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "मास्टर साहब ठीक कह रहे थे, साहब. हाथ सधा हुआ है."

सोमवारी सकाळी सीओ साहेबांचा फोन येण्याआधी मीच त्यांच्या कार्यालयात जाऊन उभा राहिलो. कापड, फोटो, लाकडी नमुना आणि इस्पितळाचं कार्ड टेबलावर मांडलं. ते आधी चिडले, मग बघत बसले, मग म्हणाले, "कितना टाइम चाहिए?" मी म्हटलं, "शाम तक."

सेक्रेटरींना मी त्याच बाकावर बसवलं. फक्त अर्धा तास. त्यांना तेवढा पुरला. त्यांनी चोरी केली नव्हती, हे मी इथे स्पष्ट लिहितो. ट्रस्टच्या वर्धापनदिनाला पाहुण्यांना द्यायची चांदीची नाणी करून घ्यायला त्यांनी लिफाफा फोडून तीन अशर्फ्या त्या सराफाकडे चार दिवसांसाठी दिल्या होत्या. समितीची परवानगी घेतली नव्हती. सराफाने चार दिवसांनी तीन नाणी परत दिली, यांनी न पाहता कपाटात ठेवली आणि लिफाफ्याला नवं सील लावलं. नाणी बदलली आहेत हे मास्टर साहेबांच्या पत्रामुळे कळलं, तेव्हा सराफाचं नाव घेतलं तर आपली परवानगीची भानगड उघड होणार, म्हणून त्यांनी किल्लीवाल्याचं नाव घेतलं.

"मैंने सोचा, बुज़ुर्ग आदमी हैं, ज़मानत हो जाएगी," ते म्हणाले.

मला त्या सराफापेक्षा या माणसाची जास्त चीड आली. चोर निदान चोरी करतो हे त्याला ठाऊक असतं. याने स्वतःचा एक नियमभंग झाकायला एका सत्तर वर्षांच्या माणसाला फासावर द्यायची तयारी केली होती. आणि माझ्या मनाला लागलं ते हे, की फासाचा दोर माझ्या हातात होता.

संध्याकाळी सराफाच्या दुकानाची झडती घेतली. वरच्या खोलीत, काशाचे ठसे गुंडाळलेल्या फडक्याशेजारी दोन खऱ्या अशर्फ्या सापडल्या. मी भिंग लावून पाहिलं. माशाच्या शेपटीपासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ होती. ठिपके नव्हते. तिसरी अशर्फी दिल्लीच्या एका शौकिनाकडे गेली होती, तिथून पुढे कुठे गेली ते आजवर कळलं नाही. ती मला अजून खुपते.

आता मास्टर साहेबांचं राहिलं होतं. 'आप जा सकते हैं' असं फोनवर सांगून काम भागलं असतं. पण त्यांना ठाण्यात येता-जाताना चार लोकांनी पाहिलं होतं, तेव्हा सुटकाही चार लोकांनी पाहायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्दी घातली, डोक्यावर टोपी चढवली आणि दिवसाउजेडी अलीगंजला गेलो. जीप मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी ठेवली आणि चालत गेलो. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. मास्टर साहेबांनी दार उघडलं. सत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी भीती दिसली, ती मी घातलेली होती.

मी गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मास्टर साहब, चोर पकड़ा गया. आपकी वजह से पकड़ा गया. मुझसे गलती हुई, माफ़ी माँगने आया हूँ."

त्यांनी मला बाहेरच खुर्ची दिली. आम्ही गल्लीकडे तोंड करून चहा प्यायलो. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"वो बिंदियाँ किसलिए थीं?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"तो मतलब था," ते म्हणाले. "हम ही नहीं समझे."

पुढे खटला चालला. उस्तादांना आरोपी करावं असा वरून आग्रह होता. मी त्यांना साक्षीदार केलं आणि त्या मुद्द्यावर हटलो नाही. कोर्टात सराफाच्या वकिलाने त्यांना घेरलं. असं राजचिन्ह खोदायला शिकलेला कलाकार लागतो, तुम्हाला तर सहीसुद्धा येत नाही, तुम्ही हे बनवूच शकत नाही, असं म्हणाला. उस्तादांनी नुसती मान डोलावली असती तर जन्मभराच्या कटकटीतून सुटले असते. पण ते ताठ झाले. "हमने ही बनाया है, हुज़ूर. लकड़ी मँगवाइए, यहीं बैठकर बना दूँ." न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. सराफाला शिक्षा झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, की ज्याला तुम्ही गुन्हेगार समजता तो जे निरर्थक बोलतो असं वाटतं, तेच पहिलं तपासा. मास्टर साहेबांनी पहिल्याच दिवशी मला सगळं सांगितलं होतं. हात सधा हुआ है, आणि बिंदियाँ आहेत. मी कबुली ऐकायला बसलो होतो, म्हणून मला साक्ष ऐकू आली नाही.

निकालानंतर कोर्टाने ट्रस्टचा मुद्देमाल परत दिला. मालखान्यातून, म्हणजे जप्त मालाच्या कोठारातून, तो सोडवायला मास्टर साहेबच आले होते. सेक्रेटरी गेल्यावर आलेल्या नवीन समितीने त्यांना ठेवून घेतलं होतं. काही महिन्यांनी त्यांचं बोलावणं आलं. मी बायकोला घेऊन गेलो, तिने त्या परत मिळालेल्या कापडाचा माशांचा कुर्ता घातला होता, ठिपके धुऊन गेलेला. दारात उस्तादही भेटले, जावयाच्या सायकलवरून आले होते.

काचेच्या कपाटात दोन खऱ्या अशर्फ्या होत्या. त्यांच्या शेजारी, तेवढ्याच मानाने, एक बनावट ठेवली होती. खाली मास्टर साहेबांच्या अक्षरात पाटी होती. उस्ताद काचेला नाक लावून बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "साहब, इसमें क्या लिखा है?"

मी वाचून दाखवलं. नक्कल, इसवी सन अमुक. ठप्पा बनाने वाले, आणि पुढे त्यांचं नाव. तेलीबाग, लखनऊ.

पन्नास वर्षांत त्यांच्या हातच्या ठशांवरून किती कापड छापलं गेलं असेल कोण जाणे, आणि छापलेली प्रत्येक रेघ, प्रत्येक ठिपका शेवटी पाण्यात धुऊन गेला होता. या लेखात मी कुणाचंच नाव दिलेलं नाही. त्या पाटीवर ते आहे.

"एक बार और पढ़ दीजिए," उस्ताद म्हणाले. मी पुन्हा वाचलं.